इंजिन गप्प झालं तेव्हा

आमच्या गाडीचं इंजिन गप्प झालं, तेव्हा आबांना केवढा आनंद झाला होता! रोज सकाळी ते पोर्चमध्ये जाऊन बॉनेट उघडायचे, इंजिन चालू करायचे, एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. मग मला हाक मारायचे.

"बग, कसं लोण्यागत झालंय. टिकटिक म्हनून न्हाई."

मी कॉलेजला शिकवायला निघण्याच्या गडबडीत असायची. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने पदर सावरत पायाने चपला शोधत असायची. मी मान हलवायची आणि चालू पडायची. आबांचं इंजिनपुराण मी लहानपणापासून मान हलवतच ऐकत आले होते. ऐकत होते असं तरी कसं म्हणू? मान हलत होती, एवढंच.

आबा म्हणजे माझे वडील. लष्करात गाड्या दुरुस्त करत सुभेदार झाले आणि निवृत्त होऊन साताऱ्याला आले. घर बांधताना त्यांनी आधी पोर्चची मापं काढली आणि उरलेल्या जागेत आम्हाला बसवलं, असं आई सगळ्यांना सांगायची. पोर्चमध्ये जी गाडी आली ती काळी, गोल पाठीची, जुनी विलायती गाडी. फलटणच्या एका डॉक्टरांच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षं पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आबांनी ती ट्रॅक्टरला बांधून आणली, वर्षभर खपून चालू केली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात आबा, आई, भाऊ, मी आणि ती अशी पाच माणसं झाली. आईने तिला कधी गाडी म्हटलं नाही. "तुमची ती" म्हणायची. पण रविवारी यवतेश्वरच्या घाटात जायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर आईच जाऊन बसायची.

आई गेली आणि रविवारची गाडी रोज निघायला लागली. सकाळी घाट, कधी संध्याकाळीही घाट. मी अडवलं नाही. माणूस घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा घाट चढलेला बरा, असं वाटायचं. पण आई गेल्यावर दुसरीही एक गोष्ट हळूहळू उघड्यावर आली. आबांना ऐकू येत नव्हतं. आई असताना ते कळलंच नाही, कारण आलेल्या-गेलेल्याचं बोलणं ती त्यांच्यासमोर पुन्हा एकदा मोठ्यांदा बोलायची. पाहुणा म्हणाला "पाऊस बरा झाला," की आई आबांकडे बघून, "पाऊस बरा झाला म्हणतायत." आम्हाला वाटायचं, तिला तशी खोडच आहे. ती गेली आणि आबा पाहुण्यांसमोर नुसते हसत बसायला लागले.

मी एकदा विषय काढला. आबा भडकले. कान दाखवायला जायचं म्हणजे म्हातारा झालो हे कबूल करायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "मला इंजिनात टाचनी पडली तर ऐकू येतीय," म्हणाले. मीही त्यांचीच मुलगी. मी म्हणाले, इंजिन गप्प झालंय असं तुम्हाला वाटतंय, कारण तुमचे कान गप्प झालेत. हे मी चांगलं खणखणीत आवाजात म्हणाले, म्हणजे तेवढं मात्र त्यांना नक्की ऐकू गेलं. दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी आम्ही दोघं गाडीतून येत होतो आणि उजव्या हाताच्या रस्त्याने दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर आला. या ट्रॅक्टरवर हल्ली काय स्पीकर असतात ते इकडच्या माणसाला सांगायला नको. गाणी शिवारभर ऐकू जात होती, वर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून होता. आबांनी शांतपणे गाडी त्याच्यासमोर वळवली. मी किंचाळून स्टिअरिंग ओढलं. ट्रॉलीतले ऊस आमच्या टपाला घासून गेले. ट्रॅक्टरवाल्याने उतरून जे काही ऐकवलं, तेही आबांना ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड त्यांना दिसत होतं. घरी आल्यावर मी गाडीची चावी माझ्या पर्समध्ये टाकली आणि त्यांनी ती परत मागितली नाही. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या न मागण्याची.

पुण्याच्या भावाला फोन केला, की आता गाडी विकून टाकू. तो हुशार आहे, त्याच्याकडे सगळ्याला गिऱ्हाईक असतं. पाचगणीतल्या एका हॉटेलवाल्याला दारात उभी करायला अशी जुनी गाडी हवी होती. बॉनेटवर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडायच्या, पर्यटकांनी फोटो काढायचे. इंजिन नसलं तरी चालेल, उलट ते काढून तिथे फुलझाडं लावता येतील, असं म्हणे तो बोलला. भावाने हे मला हसत सांगितलं. मीही हसले. मग फोन ठेवल्यावर पोर्चमध्ये जाऊन आले आणि मला हसू आल्याचा राग आला.

आबांना हे सांगणं माझ्यावरच आलं. त्यांनी एवढंच म्हटलं, की एकदा घाटात जाऊन येऊ, तू चालव. रविवारी मी चालवत नेली. अर्धा घाट चढलो आणि गाडीचा जीव गेला. सायलेन्सरमधून फटफट आवाज, पाय कितीही दाबा, पुढे जाईना. मीच क्लच जाळला, असं आबांचं म्हणणं. गाडी थंड झाली तशी ती उताराला लावून घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोर्चमध्ये चटई अंथरली आणि इंजिनाचं हेड काढलं. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी ठोकळा, ज्यात व्हॉल्व्ह असतात. ठोकळा उलटा करून ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच बोलले, "इंजिन गप्पच व्हतं गं. मी खरं सांगत व्हतो."

खरंच सांगत होते. त्याचं असं होतं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असायचं. ते जळताना व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या कडेवर शिशाची पातळ साय धरायची आणि लोखंडाला लोखंड घासायचं नाही. शिसं विषारी, म्हणून तसलं पेट्रोल बंद होऊन कैक वर्षं झाली. नव्या गाड्यांना कडक पोलादाच्या कड्या बसवलेल्या असतात, त्यांना काही फरक पडत नाही. आमच्या गाडीचे व्हॉल्व्ह मात्र थेट मऊ बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर बसत होते. गाडी महिन्यातून दोनदा निघायची तोवर निभावलं. आई गेल्यावर रोजचा घाट सुरू झाला आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बिडात रुतत गेले. व्हॉल्व्ह जसा रुततो तशी वरची फट मिटत जाते, आणि टिकटिक होते ती त्या फटीमुळेच. फट पार मिटली की व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि गाडीचा जीव जातो. म्हणजे इंजिन बरं झालं म्हणून गप्प झालं नव्हतं. आतून झिजत होतं म्हणून गप्प झालं होतं.

हे आबांना कळू नये? त्यांनी जन्मभर डिझेलचे ट्रक दुरुस्त केले. डिझेलमध्ये शिसं कधी नव्हतंच, त्यामुळे त्यांच्या हाताखाली असला आजार आला नव्हता. वर लष्करातला त्यांचा नियम एकच, आवाज आला तर हात लावायचा आणि नाही आला तर लावायचा नाही. ते मापाच्या पट्टीने फट बघायचेच नाहीत, स्क्रू ड्रायव्हरने ऐकायचे. ऐकलं ते बरोबरच ऐकलं, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला. आणि मी अर्थापर्यंत गेलेच नाही, त्यांना बहिरं ठरवून मोकळी झाले. आम्ही दोघंही अर्धे बरोबर होतो आणि भांडत होतो उरलेल्या अर्ध्यावरून.

त्या रात्री जेवताना आबांनी निकाल देऊन टाकला. हेडला पोलादी कड्या बसवून आणायच्या. इंजिन पुन्हा नीट चाललं तर गाडी घरात राहील. हेड गेलं तर गाडी पाचगणीला जाईल आणि ते एक शब्द बोलणार नाहीत. असलं हेड आता कुठे मिळत नाही, तेव्हा जे काही होईल ते या एकाच ठोकळ्यावर होतं. भावाला सांगितलं, तो कबूल झाला. हेड जाणारच याची त्याला खात्री होती.

हे काम करणारे एक मिस्त्री मिरजेत आहेत, असं आबांच्या जुन्या लष्करी दोस्ताने सांगितलं. मिरज म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं चक्र फिरलं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा? मी गुपचूप एका कानाच्या डॉक्टरीणबाईंची त्याच दिवसाची दुपारची वेळ घेतली.

शुक्रवारी सकाळी माझ्या छोट्या गाडीतून निघालो. हेड गोणपाटात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवलं, तर गाडी टुंग टुंग करायला लागली. शेजारी बसलेल्याने पट्टा लावावा म्हणून. शेवटी हेडला पट्टा बांधला आणि आबा मागे बसले. इस्लामपूरच्या पुढे मी धीर करून आरशात बघत सांगून टाकलं, की आबा, काम झालं की कान दाखवायचेत, वेळ घेतलीय. मागून "हं" आलं. एवढ्या सहज होकार मिळाला, म्हणून मला हायसं वाटलं.

मिस्त्रींचं वर्कशॉप सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीला लागून होतं. समोरच्या दारात वाळलेले भोपळे टांगलेले होते आणि आत कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. मिस्त्रींच्या घरातही पिढ्यान् पिढ्या तंबोरेच होत होते, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. यांना मात्र लाकडाचा भुसा सोसेना, म्हणून लोखंडात आले. बोलके होते आणि चिडकेही. आम्ही लांबून आलोय म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून हेड लगेच मशीनवर चढवलं. लोखंड कातणारे दोन लेथ घरघरत होते. तेवढ्यात मला दवाखान्याचा फोन आला, येताय ना म्हणून. ते ऐकून आबांचं मन फिरायला नको, म्हणून मी गल्लीत गेले. हे मी कुणापासून लपवत होते, हे आठवलं की आता हसू येतं. गल्लीतून आतलं दिसत होतं. मिस्त्री हेडवर बोट ठेवून काहीतरी विचारत होते आणि आबा मान हलवत होते. पुन्हा विचारलं, पुन्हा मान हलवली. मला बरं वाटलं, की दोन कारागीर कसे एका भाषेत बोलतायत.

काम व्हायला वेळ होता, म्हणून तिथून बाहेर पडून आम्ही काहीतरी खाल्लं आणि दवाखान्यापाशी आलो. पाटी वाचून आबा जागच्या जागी थांबले.

"हे काय?"

"सांगितलं होतं की. कान दाखवायचेत."

"मला कवा सांगितलंस?"

"गाडीत, इस्लामपूरच्या पुढे. तुम्ही हं म्हणालात."

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काही आठवत नव्हतं, कारण आठवायला काही ऐकलंच नव्हतं. मागे बसलेल्या माणसाला माझं तोंड दिसत नव्हतं. मी आरशात बघून बोलले आणि त्यांना माझे फक्त डोळे दिसले. मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. आणि त्या दोन रागांच्या मध्ये कुठेतरी मला वर्कशॉपमधली ती हलणारी मान आठवली.

"आबा, मिस्त्रींनी तुम्हाला काय विचारलं?" मी त्यांच्या अगदी समोर उभी राहून विचारलं.

"कवा?"

"मघाशी. हेडवर बोट ठेवून. तुम्ही मान हलवत होतात."

आबांनी खांदे उडवले. "चा घेनार का म्हनाला आसंल."

मी मिस्त्रींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. लेथच्या घरघरीत त्यांना तो कसला ऐकू येतोय? डॉक्टरीणबाईंच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि गाडी माघारी घेतली. मिरजेच्या त्या गर्दीत मी हॉर्नवर हात ठेवूनच होते, त्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यासारखी.

वर्कशॉप थंड पडलेलं होतं. मिस्त्री जुम्म्याच्या नमाजला गेले होते. एक कामगार डबा खात होता, त्याने बोटानेच मशीन दाखवलं. हेड तसंच मशीनवर होतं. धूर सोडणाऱ्या चार व्हॉल्व्हपैकी तिघांच्या जागा खोल कापून झाल्या होत्या, नव्या रुपयासारख्या चकाकत होत्या. चौथी जुनीच, काळी. आबांनी खिशातली छोटी बॅटरी काढली, वाकून चौथ्या जागेत प्रकाश टाकला, बोट फिरवलं आणि बाकावर जाऊन बसले. समोरच्या घरात तार लावणं अजून चालूच होतं. या सगळ्यात मला एवढंच कळत होतं, की काहीतरी विचारलं गेलं होतं आणि त्याचं उत्तर आमच्याकडून कुणी दिलंच नव्हतं.

मिस्त्री आले तेव्हा मी विचारलं, सकाळी आबांना काय विचारलं होतं. माझा सूर ऐकूनच ते उखडले.

"ताई, लोखंड जुनं हाय. शेवटच्या व्हॉल्व्हच्या घरामागं पान्याची वाट हाय, तितं भिंत पातळ हाय. कापताना भोक पडलं तर हेड भंगारात जाईल, चालंल का म्हनून इचारलं की मी. कापू नगंस म्हनला आसता तर एकबी घर न्हवतो कापत, पेट्रोलमध्ये दवा टाकून हळूहळू चालवता आली आसती. दोनदा इचारलं. दोनदा मान हलवली ह्यांनी."

कामगाराने डबा बंद केला आणि आमच्याकडे बघत बसला. मिस्त्री आता आबांकडे वळले. "आवं साहेब, हलवली का न्हाई मान?"

मी बोलायला तोंड उघडलं. आईसारखं मध्ये पडून सगळं पुन्हा सांगायचं, सावरायचं, काहीतरी थाप मारायची, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आबा उठून उभे राहिले होते. चिलखत घातल्यासारखे ताठ, आणि तोंड मात्र पडलेलं.

"हलवली," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई."

एवढंच वाक्य. आईच्या देखत कधी बोलले नव्हते, आमच्या देखत नाही, दोस्तांसमोर नाही. बोलले ते एका परक्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये, डबा खाणाऱ्या कामगारासमोर. मला रडू आलं आणि मी ते पदराने पुसूनही घेतलं, कुणाला काय वाटेल याचा विचार न करता.

मिस्त्रींचा राग जागच्या जागी विरला. त्यांनी कामगाराला लेथ चालू करू नकोस म्हणून सांगितलं, स्टूल ओढलं आणि आबांच्या समोर बसले. मग एकेक शब्द सुटा करत पुन्हा सगळं सांगितलं. आपण मान बघून पुढे जायला नको होतं, हेही म्हणाले. तीन घरं झाली, चौथ्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. आबांनी पुन्हा बॅटरी लावून बघितलं. तीन कड्या नव्या आणि एक जुनी, असं इंजिन किती दिवस चालणार? तीही रुतणारच होती. उत्तर आबांनी द्यायचं होतं आणि मला त्यांच्या वतीने काहीही म्हणायचं नव्हतं. असं गप्प बसणं मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

"मान हलवत न्हाई, तोंडानं सांगतोय," आबा शेवटी म्हणाले. "काप."

पण त्यांची एक अट होती. त्यांनी गाडीतून स्वतःचा लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक हेडच्या कडेला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या, पण मशीन चालू केलं. पातं फिरू लागलं, बिडाची काळी पूड खाली पडू लागली. मी त्या पुडीकडे बघत होते. भोक पडलं तर जुन्या गंजाचा चिखल आधी बाहेर येईल, असं मिस्त्री म्हणाले होते.

आबांनी एकदम डावा हात वर केला. मशीन थांबलं. आवाज बदलला, असं त्यांचं म्हणणं. अजून खोल जायला हवं, कडी बसणार नाही, असं मिस्त्रींचं. दोघांत तिथे जुंपली, म्हणजे एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा ओरडतोय अशी. शेवटी मिस्त्रींनी हात टेकले आणि घर खोल करायच्या ऐवजी कडीच घासून कमी करू म्हणाले. बिडातला एखादा कडक डाग असेल, त्याने आवाज बदलला असेल, असंही पुटपुटले. खरं काय, ते हेड फोडून बघितल्याशिवाय कळणार नाही आणि ते कुणी फोडणार नाही.

दवाखान्यात आबा स्वतःच्या पायांनी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समोर बसून सावकाश बोलत होत्या. त्यांनी आवाज घुमणारा एक धातूचा चिमटा टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्याचं बूड आबांच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. आबांचं तोंड उजळलं. कानासमोर धरला तर काही नाही, हाडावर ठेवला तर स्वच्छ. "ही माजीच तऱ्हा हाय की," असं ते बाईंना सांगायला लागले आणि सगळी स्क्रू ड्रायव्हरची गोष्ट ऐकवली. पडद्याला जुनं भोक होतं, लष्करातलंच बहुधा. थोडी नसही गेली होती. कानाचं मशीन लावलं तर बोलणं बरंच कळेल, पण तोवर एकट्याने गाडी चालवायची नाही, असं बाई म्हणाल्या. आबा मशीनबद्दल "बगू" म्हणाले. आमच्या घरात "बगू" म्हणजे बहुतेक वेळा नाही.

हेड मिस्त्रींकडे ठेवलं होतं, त्यामुळे येताना पुढची सीट रिकामी होती आणि आबा माझ्या शेजारी बसले. कराड मागे टाकलं आणि दिवे लागायला लागले. मागून एका ट्रकने हॉर्न दिला. मी बाजू दिली.

"हॉर्न आला व्हता का?" आबांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग ते समोर बघत म्हणाले, "तुजी आई गुडघ्याला हात लावायची. हॉर्न आला की."

मी लहानपणापासून मागच्या सीटवरून तो हात बघत आले होते. वळणावर, बाजारात, घाटात आईचा हात आबांच्या गुडघ्यावर जायचा. आम्ही भावंडं एकमेकांना कोपरखळ्या मारून हसायचो. ती घाबरते, असं भाऊ म्हणायचा. प्रेम आहे, असं मी म्हणायची. आई गेल्यावर आबा त्या रिकाम्या सीटच्या शेजारी बसून रोज घाट चढत होते, एकाही हॉर्नशिवाय. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून मी गाडी जरा हळू घेतली.

काही दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. कड्या बसल्या होत्या, हेडमध्ये दाबाने पाणी भरून बघितलं, कुठे थेंब आला नव्हता. हेड आलं. आबांनी ते दोन दिवस खपून चढवलं, या वेळी पट्टीने मापून फटी लावल्या. भावाचा रोज फोन येत होता. हॉटेलवाला घाई करत होता. कानाचं मशीनही आलं होतं, पण ते डब्यात, डबा कपाटात.

रविवारी सकाळी मी पर्समधून चावी काढून आबांसमोर धरली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडंच," ते म्हणाले. "चालवायचं तू. मी बाजूला बसतो." मग बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले. मी चावी फिरवली. इंजिन एकदा गुरगुरलं, दोनदा गुरगुरलं आणि लागलं. मी उतरून त्यांच्याजवळ गेले. आबांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, पण तो त्यांनी झाकणावर टेकवला नाही. माझ्याकडे बघत होते.

"टिकटिक येतीय का?"

मी मान हलवली.

"मान हलवू नगंस," आबा म्हणाले. "तोंडानं सांग."

मी वाकले. इतक्या वर्षांत मी त्या इंजिनाजवळ कान कधी नेला नव्हता. आधी नुसता गलका वाटला. मग त्यातून एकेक आवाज सुटा होऊ लागला, आईच्या शिलाई मशीनसारखा.

"येतेय," मी मोठ्यांदा म्हणाले. "सारखी येतेय. पण मागच्या बाजूला एक जरा मोठी आहे."

"चौथी आसंल," आबा म्हणाले. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, झाकण काढलं, पान्याने काहीतरी हलकंसं फिरवलं, झाकण घातलं. पुन्हा चालू. पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"आता?"

"आता सगळ्या सारख्या."

त्यांनी फडक्याला हात पुसले, बॉनेट खाली घेतलं आणि आईच्या सीटचं दार उघडलं. बसता बसता म्हणाले, "तुज्या भावाला सांग, गाडी द्यायची न्हाई. तूच सांग. मला फोनवर ऐकू येत न्हाई."

"बरं, सांगते," मी म्हणाले. तोंडाने.